एका लाकडाचं धनुष्य

९ नोव्हेंबर

माझ्या हातचं, आजवरचं : या घराचा जिना. खिडक्यांच्या सगळ्या चौकटी, त्यातली एक अजून अडकते. हिच्यासाठी अक्रोडाचं कपाट. चिरंजीवांचा पाळणा. तीन रंधे, पोलादी पातं सोडून सगळे घरचे. आणि धनुष्यं. मोडलेली धरायची की नाही, ते अजून ठरत नाही. धरली तर आकडा वाढतो, पण इभ्रत जाते. कुणाकडे शिकायला गेलो नाही. जे आलं ते मोडून मोडून आलं.

आज त्यात एक भर. तुतीचं धनुष्य पुरं झालं. एका लाकडाचं. कुठे जोड नाही, सरस नाही, पट्टी नाही. रस्तारुंदीत पाडलेलं झाड होतं. ओंडका उभा फोडला, टोकांना मेण लावलं, आणि पाच वर्षं माळ्यावर ठेवला. अर्धा पिळवटला. उरलेल्या अर्ध्यातून हे निघालं.

पाठ (म्हणजे निशाणाकडची बाजू, बहुतेक लोक उलटं समजतात) या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडाच्या एकाच वर्षाच्या कड्यावर ठेवली आहे. पटाशी कुठेही खालच्या कड्यात गेलेली नाही. भिंग लावून पाहिलं. नाही गेलेली!

हिला दाखवलं. म्हणाली, "छान आहे. आता तो भुसा कोण काढणार?"

११ नोव्हेंबर

सूनबाईनं धनुष्य मैदानावर चालवलं. तिच्या ओढीला अडतीस पौंड. वेग मोजायचं यंत्र लावलं : सेकंदाला १६३ फूट. एका लाकडाच्या धनुष्याला एकशे पंचावन्न मिळाले तरी माणसं पेढे वाटतील.

"बाबा, हाताला धक्काच नाही बसत. लोण्यासारखं सुटतं."

मी म्हणालो, "टोकं हलकी ठेवली की असंच होतं." एवढंच म्हणालो. मनातून काय वाटलं ते लिहिण्याची गरज नाही.

निवडीच्या दोन फेऱ्या. पहिली डिसेंबरात, इथल्याच मैदानावर. दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला, तळ्याकाठी. तिशीच्या आतल्यांचा संघ आहे. पुढच्या वर्षी ती त्यात बसत नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. मागच्या वर्षी उसन्या धनुष्यावर गेली आणि थोडक्यात हुकली. चिरंजीव बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. ती इथे आमच्याबरोबर. पोरगी रोज पहाटे उठून बाण मारते, याचं मला कौतुक आहे. तोंडावर सांगत नाही. डोक्यावर बसेल.

१२ नोव्हेंबर

जेवताना सूनबाई म्हणाली, "तळ्याकाठी सकाळी धुकं असतं, बाबा. मागच्या वर्षी दहाव्या बाणानंतर माझे बाण खाली खाली यायला लागले. लाकूड ओल धरतं ना? पाठीला बांबूची पट्टी लावली तर? बांबूची साल चकचकीत, तिच्यातून ओल शिरत नाही."

"सरस लावला की ते धनुष्य राहत नाही. फर्निचर होतं."

"कपाट तर सरसावरच उभंय की तुमचं."

"ते कपाट आहे म्हणूनच!"

ही हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१३ नोव्हेंबर

सूनबाईचं नवीन खूळ. धनुष्य दोन दिवस बाथरूममध्ये टांगायचं, गरम पाण्याची वाफ करायची आणि मग वेग मोजायचा. मी नाही म्हणालो. पाच वर्षं कोरडं राखलेलं लाकूड मी मुद्दाम ओलं करायचं? ही म्हणाली, "आणि आम्ही आंघोळ कुठे करायची, माळ्यावर?"

१५ नोव्हेंबर

"तुम्ही करत नसाल तर मी करते," सूनबाई म्हणाली. बांबूचं. माझ्या कामाच्या खोलीत.

मी म्हणालो, "कर. हत्यारं जागच्या जागी ठेवायची."

"एक अट. मला काही सांगायचं नाही. मी विचारलं तर सांगा. नाहीतर ते तुमचंच होईल आणि मी नुसती हात लावणारी."

अट चांगली आहे. मला पटली. मीही कुणी सांगून शिकलो नाही.

१८ नोव्हेंबर

आज तिनं पोटासाठी (म्हणजे ओढणाऱ्याकडची बाजू) लाकूड निवडलं. कपाटाच्या वेळची अक्रोडाची फळी उरली होती, ती उचलली. वास घेतला, नखानं ओरखडून पाहिलं, उजेडात धरून रेषा पाहिल्या. रेषा सरळ. वाळलेली ठणठणीत. वजनाला हलकी. रंध्याखाली लोण्यासारखी जाते. दिसायलाही देखणी. कोण मोहात पडणार नाही!

धनुष्य ओढलं की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. दोघांची ताकद सारखी लागते. बांबू ताणाला इतका चिवट की त्याच्यापुढे पोटाचं लाकूड तितकंच कणखर हवं. नाहीतर बांबू जिंकतो आणि पोट चिरडतो. तुती टिकते. बाभूळ टिकते. अक्रोड मऊ. आधी काही दिसत नाही. दोन-तीनशे बाण झाले की पोटावर आडव्या बारीक सुरकुत्या येतात, आणि मग धनुष्य दिवसेंदिवस ढिलं पडत जातं. धोका नाही. फक्त ढिलं पडतं.

तिनं विचारलं नाही.

२० नोव्हेंबर

आजही विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर

पहिलं मोडलं. फाडकन! ही स्वयंपाकघरातून धावत आली. सूनबाई भिंतीवरच्या कप्पीला धनुष्य अडकवून लांबून दोरी ओढत होती, म्हणून लागलं नाही. तेवढं मी आधीच शिकवलेलं आहे, या अटीच्या बाहेर.

कारण उघड आहे. बांबूच्या गाठी दिसायला खडबडीत, म्हणून तिनं त्या घासून सपाट केल्या. गाठीपाशी तंतू वर चढून खाली उतरतात. उंचवटा कापला की तंतू तुटले. बरोब्बर तिथेच मोडलं. तुकडे जमिनीवर जोडून ती बराच वेळ बघत बसली. मग स्वतःशीच म्हणाली, "गाठी!"

बरोबर. मी मान हलवली नाही.

ही मला स्वयंपाकघरात म्हणाली, "अहो, तोंडात गुळणी धरून बसलाय का? पोरीचा डोळा गेला असता म्हणजे?"

"तिचीच अट आहे."

"अट! तुम्हाला बरी मानवली ती अट."

२६ नोव्हेंबर

दुसरी जुळणी. बांबू नवा. पोट त्याच अक्रोडाच्या फळीचं. फळी दोन धनुष्यांपुरती होती.

आता सांगितलं असतं. पण गाठींचं सांगितलं नाही आणि हे सांगितलं, तर ते कसं दिसलं असतं? असं वाटून थांबलो.

३ डिसेंबर

तिचं धनुष्य झालं. मूठ जाड. वरचं पातं, म्हणजे मुठीच्या वरचा अर्धा भाग, टोकाकडे अंमळ ताठ, खालचं मध्येच जास्त वाकतं. सरस एका ठिकाणी ओघळून वाळलेला, तो तिनं खरवडलाही नाही. मी असं धनुष्य अंगणाबाहेर जाऊ दिलं नसतं.

१५७.

आकडा वाईट नाही. मी यंत्रावर वाचला आणि मोठ्यानं सांगितला.

"तुमच्यापेक्षा सहानं कमी," ती म्हणाली. घामाघूम आणि खूश. "पहिलंच आहे, बाबा!"

माझ्या पहिल्यानं बाण टाकलाच नव्हता. दोरी लावतानाच गेलं होतं.

५ डिसेंबर

मीच म्हणालो, टांगा दोन्ही बाथरूममध्ये. वाद मिटू दे. दोन्हींना तेलाचे सारखेच हात दिले, म्हणजे उद्या कुणी बोलायला नको. बादलीत उकळतं पाणी, दार बंद. ही आंघोळीला शेजारी गेली. शेजारीण म्हणे विचारत होती, नळ गेला का? हिनं सांगितलं, "नाही, धनुष्यांना सर्दी झालीय."

७ डिसेंबर

मोजलं.

तिचं : १५७ होतं, १५२ झालं.
माझं : १६३ होतं, १४९ झालं.

यंत्राची बॅटरी बदलली. बाण बदलले. पुन्हा १४९. अडतीस पौंडांचं चौतीस झालं आहे. ओढून पाहिलं तर हातालाच कळतं. दमलेल्या माणसाशी हस्तांदोलन केल्यासारखं.

आकडे मीच घेतले, मीच मांडले. सूनबाई शेजारी उभी होती. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

८ डिसेंबर

तुतीचं धनुष्य पुन्हा माळ्यावर कोरड्यात ठेवलं. सुकलं की वेग परत येतो. तो प्रश्न नाही.

१३ डिसेंबर

पहिली फेरी. मैदान कोरडं, ऊन चांगलं. तिनं तिचं स्वतःचं नेलं. माझं मी बरोबर घेतलं होतं, राखीव म्हणून.

ती पुढच्या फेरीत गेली! शेवटून दुसरी, पण गेली. यादी लागली तेव्हा लांबून माझ्याकडे पाहून तिनं नुसती मूठ वर केली. मी छत्री वर केली. ऊन होतं, छत्री का नेली होती देव जाणे.

सूनबाईच्या प्रशिक्षकांनी माझं तुतीचं धनुष्य हातात घेतलं आणि बराच वेळ खाली ठेवलं नाही. "असं काम आता बघायला मिळत नाही," म्हणाले. मग चार माणसं जमली. त्यात मोठ्या चौकातला हॉटेलवाला. त्याला धनुर्विद्येतलं ओ की ठो कळत नाही. भाचा खेळतो म्हणून आला होता. पाठीवरून बोट फिरवून म्हणाला, "भिंतीवर काय दिसेल हे! खाली पिवळा दिवा सोडायचा." विकत मागितलं. रक्कमही बोलला. विचार करतो म्हणालो.

विचार काय करायचा ते कळत नाही. तीही माझ्या कामाची दादच आहे, एका परीनं.

१९ डिसेंबर

सूनबाई कामाच्या खोलीत आली. धनुष्य माझ्यासमोर पोट वर करून ठेवलं. रोज शंभर-शंभर बाण मारते आहे. दुसरी फेरी लांब पल्ल्याची.

"बाबा, आता विचारते. हे काय आहे?"

खालच्या पात्याच्या मध्यावर आडव्या रेघा. केसाएवढ्या. भिंगाची गरज नव्हती, तरी लावलं.

सांगितलं. बांबूनं पोट चिरडलं. अक्रोड मऊ. ओढ मोजली तर एकतीस पौंड. अजून उतरणार. यावर इलाज नाही, लाकडाचा तंतू एकदा दुमडला की सरळ होत नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"फळी उचललीस तेव्हापासून."

 तिनं नळावर हात धुतले, ते फार वेळ धुतले, आणि वर गेली. हत्यारं जागच्या जागी ठेवून गेली.

२० डिसेंबर

अट तिची होती. मी पाळली. त्यात माझं चुकलं कुठे, हे मला कुणी समजावून सांगावं.

ही वाढते, पण बोलत नाही. मीठ मागितलं तर मिठाचा डबाच समोर आणून ठेवला.

२१ डिसेंबर

माळा उतरवला. सगळं लाकूड खाली घेतलं, एकेकाचा ओलावा यंत्रानं पाहिला. दहा टक्क्यांच्या वर असलं तर धनुष्याला उपयोग नाही. वाकतं आणि वाकलेलंच राहतं.

बाभळीचे दोन — सोळा. तुतीचा एक, गेल्या वर्षीचा — चौदा, शिवाय मधोमध गाठ. दुसरा, धाकटा, पिळवटायला लागला आहे. भट्टीत घालून वाळवावा तर चिरतो. ते करून झालं आहे, तीन ओंडके गमावून. बाजारातल्या फळ्या पाहून आलो. दुकानदार म्हणतो, "साहेब, टेबल करा, खुर्ची करा, नंबर एक माल." रेषा सगळ्या तिरप्या. टेबलच होईल त्याचं.

लाकडाला घाई कळत नाही. वर्षाला जेवढं सुकायचं तेवढंच सुकतं.

या घरात पोटाला चालेल असं वाळलेलं लाकूड सध्या नाही.

२३ डिसेंबर

सूनबाई आपणहून आली. चार दिवसांत पहिलं वाक्य :

"बाबा, मी तुमचंच नेते."

मी म्हणालो, "ने."

"रागावलेय मी अजून. पण नेते."

"बरं."

"आणि राग गेल्यावर सांगेन, तोवर विचारू नका."

हे मात्र ती माझ्यासारखं बोलली. ही दारातून म्हणाली, "झालं ना मनासारखं?"

झालं. नऊ नोव्हेंबरपासून मला हेच हवं होतं. माझं धनुष्य, एका लाकडाचं, दुसऱ्या फेरीत.

२४ डिसेंबर

आज तिनं तुतीच्या धनुष्यावर सराव केला. कोरडी हवा. बाण एकमेकांना खेटून बसले. प्रशिक्षक म्हणाले, आता काळजी नाही.

हॉटेलवाला टेप घेऊन घरी आला. भिंतीवरची जागा किती सोडायची ते बघायला! मी म्हणालो, निवड होईपर्यंत ते कुठेही जाणार नाही. "नंतर द्या की," म्हणाला. "घाई नाही. फक्त त्यावर ओरखडा येऊ देऊ नका, आहे तसंच हवं." रविवारी कळवतो म्हणालो.

२५ डिसेंबर

पहाटे मुद्दाम तळ्याकाठी जाऊन आलो. एकटाच. ओलावा मोजायचं यंत्र आणि बाभळीचा एक सुकवलेला तुकडा घेऊन गेलो होतो. धुकं इतकं की पलीकडची निशाणं दिसत नव्हती. तुकडा कठड्यावर ठेवला आणि बसलो. उजाडताना नऊ टक्के होता. ऊन वर येईपर्यंत अकरा.

वेग एकदम उतरून तिथेच थांबला असता तर अडचण नव्हती. तिनं नेम वर धरला असता. पण तो सकाळभर घसरत जाणार. पहिल्या बाणाला एक, तिसाव्या बाणाला वेगळा. लांबच्या निशाणावर हातभर फरक. तिला वाटणार आपला हात चुकतोय. मागच्या वर्षी तेच झालं. हात चुकला नव्हता, धनुष्य उतरत होतं. आणि तिला ते न सांगता समजलं होतं. मी मात्र बाथरूमवरून वाद घालत बसलो.

परत आलो तेव्हा ही म्हणाली, "कुठे गेला होतात? चेहरा असा का?"

"धुक्यात."

हिला तेवढंच पुरलं. पाठीवर टॉवेल टाकला आणि आत गेली.

२६ डिसेंबर

लोक म्हणतात, मोडेन पण वाकणार नाही. धनुष्य करणाऱ्या माणसानं हे म्हणू नये. दिवसभरात दुसरं काही सुचलं नाही.

२७ डिसेंबर, रविवार

सकाळी तुतीचं धनुष्य शिकंज्यात धरलं आणि त्याची पाठ रंध्यानं सपाट केली. ते अख्खं कडं दोन-तीन हातांत गेलं. बांबूचं काम मी आजवर केलेलं नाही. पट्टी किती जाड ठेवायची, सरस किती वेळ दाबून ठेवायचा, ते सूनबाईला विचारलं. तिनं सांगितलं. आता दोघांनी मिळून आवळून ठेवलं आहे. फेरीला दोन आठवडे आहेत, होईल.

हॉटेलवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. दोन लाख देत होता.